काटेसाहेबांची कोरडी जोडणी

काटेसाहेबांनी आयुष्यात एकही विमान पुरं केलं नव्हतं, आणि तरीही आमच्या गटात विमानांबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते नेमकं एवढंच सांगायचं विसरतात.

विमान म्हणजे प्लॅस्टिकचं. खोक्यातून सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि तळहातावर मावणारं ते विमान काचेच्या कपाटात ठेवून त्यावरची धूळ पुसत पुसत म्हातारं व्हायचं, असा हा छंद. माझी बायको याला रोग म्हणते. मी दातांचा डॉक्टर असल्यामुळे मला दोन्हींतला फरक कळतो. रोग माणूस पैसे देऊन बरा करून घेतो, छंद पैसे देऊन वाढवतो.

रविवारी सकाळी आम्ही खेळण्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत जमायचो. खोली कसली, गोदामच ते. तीन भिंतींना छतापर्यंत खोकी, चौथीला एक खिडकी, आणि ती उघडली की शेजारच्या लाँड्रीची वाफ सरळ आत. मधे लांब टेबल. टेबलावर माझ्या दवाखान्यातून निवृत्त झालेला दिवा, ज्याची मान हवी तशी वळवता येते. त्या दिव्याने आयुष्यभर लोकांची किडलेली तोंडं बघितली आणि म्हातारपणी तो विमानं बघायला लागला. टेबलाभोवती दुकानदार, मी, बँकेत नोकरीला असलेला एक गृहस्थ ज्याला आम्ही बँकवाला म्हणायचो, येऊन-जाऊन असणारे दोघे-तिघे, आणि दिव्याजवळच्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत काटेसाहेब.

हे नाव आम्हीच पाडलेलं. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजूकाटे तपासायचे, चुकीचे असले तर जप्त करायचे. एकदा त्यांच्या ऑफिसात काही कामासाठी गेलो होतो. टेबलावर मखमलीच्या पेटीत पितळी वजनं बसवलेली होती. मी सहज एक उचलायला गेलो तर त्यांनी माझा हात असा धरला, जसा मी पेशंटचा धरतो. "बोटाचा घाम लागतो," म्हणाले, "वजन वाढतं." कोपऱ्यात मोडक्या काट्यांचा ढीग पडला होता, प्रत्येकावर लाल रंगाचा फराटा. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मोडीत काढलेले. त्यांच्याकडे आता कोणी बघत नाही." लाच घेतली नाही, ओळख पाळली नाही. स्वतःच्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा त्यांनी जप्त केला होता, आणि तो मेव्हणा मरेपर्यंत त्यांच्या घरी जेवला नाही. ही गोष्ट ते स्वतः सांगत, आणि सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यांच्या खात्याचा पहिला नियम असा की काट्यावर काही ठेवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आला पाहिजे. रिकामाच खोटं बोलत असेल तर भरलेला खरं काय बोलणार? हा नियम त्यांनी उचलून आमच्या छंदात आणला. नवीन किट आलं की ते धडाचे दोन अर्धे भाग कापून घ्यायचे, आत काही न बसवता, गोंद न लावता, नुसते एकमेकांवर धरायचे आणि दिव्यासमोर न्यायचे. याला कोरडी जोडणी म्हणतात. सगळेच करतात, पण सगळे आपल्या घरी, आपल्यापुरती करतात. काटेसाहेब ती न्यायालयात केल्यासारखी करायचे. सांध्यातून उजेड दिसला की दोन शब्द यायचे, "फट आहे." मग बँकवाला किंमत विचारायचा, काटेसाहेब "ह्या किमतीला नाही" म्हणायचे, आणि दुकानदार ते किट मागवायचा नाही. शहरातल्या निम्म्या छांदिष्टांचा माल त्या दुकानातून जायचा, त्यामुळे त्या खुर्चीतून निघालेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचे, हेही कबूल करायला हवं. त्यांच्यामुळे माझे कितीतरी पैसे वाचले. म्हणून तर कोणी कधी विचारलं नाही, की साहेब, तुमचं विमान कुठाय?

त्यांचं विमान कपाटात होतं. घरातलं एक अख्खं कपाट बंद खोक्यांनी भरलेलं. प्रत्येक खोकं एकदा उघडलेलं, आतलं धड दिव्यासमोर धरलेलं, नापास करून पुन्हा झाकण लावलेलं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा देताना म्हणायच्या, "एवढी विमानं भरलीत घरात, पण एक उडालं असेल तर शपथ. माझ्या साड्या मात्र पलंगाखाली."

त्यांना एकच मुलगी. ती शाळेत असताना साहेब कामासाठी परगावी गेले होते, तेव्हा तिने कपाटातलं एक नापास खोकं काढलं आणि विमान बांधलं. हे मला वहिनींनी सांगितलं. पोरीने जेवणखाण सोडून बांधलं, रंगवलं, वर दोरा बांधून दिवाणखान्याच्या दारात टांगलं. साहेब आले, बूटही न काढता त्यांनी ते सोडवलं, खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. "फट आहे," म्हणाले. पोरीने ते परत घेतलं, खरवडलं, पुट्टी भरली, घासलं, पुन्हा आणलं. साहेबांनी शेपटीच्या बुडाशी बोट ठेवलं. मग तिने पुन्हा आणलं नाही.

"कौतुक करून ठेवलं तर माणूस तिथंच थांबतो," असं साहेबांचं म्हणणं. मला हे ऐकलं की राग येतो. मी रोज लहान मुलांचे दात बघतो. तोंड उघडं ठेवलं म्हणूनही मी त्यांना शाबासकी देतो, आणि त्यातलं एकही पोर अजून तिथंच थांबलेलं नाही.

मुलगी मोठी झाली, साचे बनवण्याचं शिकली, आणि किट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागली. लोक म्हणायचे, बापाचा वारसा चालवला. खरंच होतं ते, फक्त लोकांना वाटत होतं तसं नव्हे. कंपनीत ती आधी दुसऱ्यांची रेखाटनं दुरुस्त करायची. मग पहिल्यांदाच एक पूर्ण किट तिच्या हाती दिलं गेलं. विमानही तिनेच निवडलं. पिकांवर औषध फवारणारं, एका माणसाचं, बुटकं, नाकाड विमान. कोणत्याच कंपनीने ते कधी काढलेलं नव्हतं. पहिला माल बाजारात कसा जातो ते बघून कंपनी तिला पुढचं किट देणार होती, नाहीतर नव्या किटांचा विभागच बंद. हे तिने आम्हाला स्वतः सांगितलं, त्या रविवारी, खोक्याला हात लावून उभ्याउभ्याच.

हो, ती स्वतः आली होती. दुकानदाराने तिला सांगितलं होतं, तुझे बाबा हो म्हणाले तर मी मोठी ऑर्डर देतो. दाराजवळच्या स्टुलावर ती बसली, पर्स मांडीवर. साहेबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, जशी ते कोणत्याही विक्रेत्याकडे पाहून हलवत.

खोकं उघडलं. मी पुष्कळ किटं पाहिली आहेत, पण मला लगेच कळलं की हे कोणीतरी जीव लावून केलंय. पत्र्याच्या जोडांच्या रेघा केसाएवढ्या बारीक. वैमानिकाच्या डोक्यावरची काच इतकी पातळ की बोटाला लागेपर्यंत दिसत नव्हती. फवाऱ्याच्या नळीवरची तोंडं एकेक सुटी. औषधाच्या टाकीच्या झाकणाला कडीसुद्धा होती.

"याला बंदुका कुठायत?" बँकवाला म्हणाला.

"काका, ते किडे मारतं," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. साहेब सोडून.

मग किमतीचं निघालं. नेहमीच्या किटच्या जवळजवळ दीडपट. बँकवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एवढ्यात तर बाहेरच्या मोठ्या कंपनीचं येतं. तेही बंदुकांसकट."

"त्यांचा साचा लाखो प्रती काढतो," ती म्हणाली. "आमचा थोड्या काढणार. साच्याचा खर्च तेवढाच असतो. आणि काच अशी त्यांच्यात नाही मिळणार, काका, बघा तुम्ही."

"आधी जोडणी," साहेब म्हणाले.

त्यांनी पक्कडीने धडाचे दोन अर्धे कापले. कापलेल्या जागा कानशीने घासल्या, घाई न करता. दिवा लावला. तेव्हा ती स्टुलावरून उठून टेबलापाशी आली.

"बाबा, याच्या आत एक चौकट आहे. ती आधी बसवायची. धडाच्या भिंती मी पातळ ठेवल्यात, म्हणजे चाकांच्या खाचा खऱ्यासारख्या दिसतात. त्या चौकटीवर ताणून बसतात. चौकटीशिवाय मिटणार नाहीत."

"कोरड्या जोडणीत आत काही नसतं."

"याच्यात असतं. माहितीपत्रकात पहिली पायरीच ती आहे."

"सगळ्यांना एकच कसोटी," साहेब म्हणाले. "तुझं आहे म्हणून वेगळी लावू?"

आता हे बघा. माणसाला वाटत होतं की आपण न्याय करतोय. मेव्हण्याचा काटा जप्त करताना वाटलं होतं तसंच. रिकामं धड त्यांनी दिव्यासमोर धरलं, आणि पंखाच्या मुळापासून शेपटीपर्यंत उजेडाची रेघ उमटली. उमटणारच होती. ज्या वस्तूला कणा घालूनच उभं राहायचंय, तिचा कणा काढून घेऊन ती वाकते का ते बघायचं, याला कसोटी म्हणतात का? पण त्या खोलीत इतकी वर्षं तीच कसोटी होती, आणि आम्ही सगळे मूग गिळून गप्प बसलो. मीसुद्धा.

"फट आहे," साहेब म्हणाले.

तिने त्यांच्या हातातून ते दोन भाग काढून घेतले. चौकट कापली, आत बसवली, भाग मिटवले आणि पर्समधून रबरबँड काढून त्यांच्यावर चढवला. ती रबरबँड घेऊनच आली होती. म्हणजे असं होणार, हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. तिने धड दिव्यासमोर धरलं. उजेड कुठूनही येईना. दुकानदार वाकून बघायला लागला. बँकवालासुद्धा "अरे वा" म्हणाला.

साहेबांनी बघितलं. नीट, वळवून वळवून बघितलं. त्या क्षणी मला वाटलं की म्हणतील आता. एकदा तरी म्हणतील.

"ह्या किमतीला," ते म्हणाले, "आत चौकट न लागता मिटणारं मिळतं."

तिने रबरबँड काढून पर्समध्ये ठेवला.

"किंमत बांधणाऱ्यांसाठी आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कुठं बांधता?"

आवाज चढवला नाही तिने. मला दुकानदाराने एकदा विचारलं, की पोरीने बापाला चारचौघांत असं बोलावं का? मी म्हणालो, बापाने चारचौघांत काय केलं ते तू बघितलंस ना. तो म्हणाला, मी ऑर्डर देणारच होतो. पण दिली नाही त्याने. साहेबांनी नापास केलेला माल त्याने कधी ठेवला नव्हता आणि आता तो कुठून ठेवणार? दुसऱ्या दुकानांनीही हात आखडता घेतला. फवारणीचं विमान गोदामात पडून राहिलं, कंपनीने तो विभाग बंद केला, आणि ती दुसरीकडे लागली. आता ती औषधांच्या बाटल्यांची झाकणं डिझाइन करते. पगार चांगला आहे म्हणतात. विमानांचं नाव ती काढत नाही.

ते उघडलेलं किट टेबलावरच राहिलं होतं. साहेबांनी ते पूर्ण किंमत मोजून विकत घेतलं. दुकानदार नको नको म्हणत होता, पण सवलत घेतील तर ते काटेसाहेब कसले.

त्यानंतर ते रविवारी यायचे बंद झाले. मला वाटलं, अपमान लागला. मग एक दिवस दवाखान्यात आले. दाढ दुखते म्हणून खुर्चीत बसले आणि तोंड उघडण्याऐवजी म्हणाले, "डॉक्टर, गोंद किती लावायचा असतो?"

मी त्यांच्या घरी जायला लागलो. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. जगातल्या प्रत्येक किटमधली फट सांगणाऱ्या त्या माणसाला ब्रश धरता येत नव्हता. गोंद पाण्यासारखा पातळ असतो, प्लॅस्टिक विरघळवतो, थेंबभर पुरतो. त्यांनी ब्रश बाटलीत बुडवून सरळ ओढला, आणि पंखावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. वहिनी दारातून बघत होत्या. "आता जप्त करा म्हणावं स्वतःला," म्हणाल्या. हसत नव्हत्या.

चौकट त्यांनी बसवली, पण तिरकी. मी म्हणालो, काढून पुन्हा लावू. ते म्हणाले, राहू दे. धड मिटलं नाही. पंखापासून शेपटीपर्यंत अशी फट राहिली की नख आत जावं. माझ्याकडे दात भरायची हत्यारं असतात आणि या कामाला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. "पुट्टी भरून देतो," मी म्हणालो. "कोणाच्या बापाला कळणार नाही."

"भरायची नाही," ते एकदम म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तिला सापडली पाहिजे ना. तिने म्हटलं पाहिजे, बाबा, फट आहे. मी म्हणेन, हो, आहे. एवढंच."

माझा त्यांच्यावर बराच राग होता, अजून आहे. पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. माफी मागायचे शब्द त्या माणसाच्या तोंडात नव्हतेच. तोंडात होते ते दोनच शब्द, आणि तेच त्याने पोरीला देऊन टाकायचे ठरवले होते.

विमान पिवळं रंगवलं. रंगाचे ओघळ आले. साहेबांनी मला दुकानामागच्या खोलीतून तो दिवा आणायला सांगितला. मी नेऊन त्यांच्या दिवाणखान्यात लावला. मग त्यांनी मुलीला फोन केला आणि सांगितलं, वेळ असेल तर ये, एक गोष्ट दाखवायची आहे.

ती आली. आईसाठी फळं, बापासाठी रक्तदाबाची गोळी, जी संपत आली होती हे तिच्या लक्षात होतं. मला "कसे आहात डॉक्टरकाका?" म्हणाली. केस मागे बांधलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. साहेब टेबलापाशी उभे होते. स्वतःच्या घरात, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी विमान दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे केलं.

तिने ते ओळखलं. ओळखायला कितीसा वेळ लागणार? ते तिच्याच डोक्यातून आलेलं होतं. तिने ते घेतलं, एकदा उलटं केलं, एकदा सुलटं.

"छान झालंय बाबा," ती म्हणाली.

"दिव्यापाशी धर."

"कशाला? छान आहे."

"अगं धरून तर बघ. मी लावलाय दिवा."

"नको बाबा. खरंच छान केलंय तुम्ही." आणि ती हसली. मी ते हसू ओळखतो. तोंड उघडं ठेवलं म्हणून मी पोरांना देतो तेच. विमान तिने टेबलावर ठेवलं, अगदी सांभाळून, चाकांवर, आणि स्वयंपाकघरात आईकडे गेली. तिथून दोघींचा आवाज येत होता. कोणाच्या तरी लग्नाचं, पाण्याच्या बिलाचं. चहा पिऊन ती निघाली. दारात चपला घालताना तिने गोळी कधी घ्यायची ते बापाला पुन्हा सांगितलं.

दार लागलं. साहेब दिव्यापाशी गेले आणि विमान त्यांनी स्वतःच उजेडात धरलं. पंखापासून शेपटीपर्यंत रेघ उमटली, त्यांच्या शर्टावरही पडली.

"दिसतेय ना?" त्यांनी मला विचारलं.

"दिसतेय."

"तिला दिवा लागत नाही. हातात घेतल्याबरोबर कळली असेल."

ते विमान तसंच धरून उभे राहिले. मग खुर्चीत बसले.

"मोडीत काढलेला काटा आम्ही कधी तपासत नव्हतो, डॉक्टर," ते म्हणाले, आणि मला दिवा बंद करायला सांगितला.